आधी डार्लाला फोन

न्या ना, न्या की – टोस्टर न्या, ती खुर्ची न्या, फ्रिजवरचे ते रंगीत चुंबक न्या, माझं काही म्हणणं नाही – सख्खा भाऊ होता तुमचा, तुमचाच हक्क. मी फक्त तो एक कागद मागतेय. हां, तोच, हातातला. वाचण्यासारखं काही नाही हो त्यात, दोन-चार फोन नंबर आहेत, आणि तो काउंटीचा असतो – फॉर्म काउंटीचा, छपाई काउंटीची – माणूस गेला की फाइलला लावावा लागतो. बसा की, उभ्या का? पार ओरेगनहून गाडी हाकत आलात, पाय आखडले असतील. मी डार्ला – डार्ला फागुन्डेस – काल फोनवर मीच होते, मीच सांगितलं तुम्हाला, की नॅडीनबाई, तुमचा डेलबर्ट गेला म्हणून. तुम्ही काहीच बोलला नाहीत तेव्हा. मला वाटलं लाइन तुटली. पाणी देऊ? इथं ग्लास एकच आहे, पण धुतलेला आहे, मीच धुते.

आधीच सांगून ठेवते, मी नर्स नाही. एकोणीस वर्षं काउंटीच्या कचेरीत डेअरीवाल्यांना परवाने देत बसले होते, गोठा किती, गाई किती, शेणाचं पाणी कुठं सोडता – आमच्या घरच्याच गाई होत्या म्हणून मला त्यातलं कळायचं. मग काउंटीनं ही योजना काढली. म्हणजे काय केलं – अख्ख्या काउंटीत इमर्जन्सीच्या दारात सगळ्यात जास्त वेळा कोण उभं राहतं त्याची यादी काढली. चाळीस नावं निघाली. एकाचं हृदय गेलेलं, त्यालाच साखर, त्यालाच दारू, त्याचंच डोकं फिरलेलं, घर नाही, आणि प्रत्येकाला सहा-सहा डॉक्टर, ह्याचा त्याला पत्ता नाही. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, अशी गत. मग ठरलं, की असल्या प्रत्येकाला एक माणूस नेमून द्यायचा, जो सगळ्यांचा मेळ घालेल. दर गुरुवारी एका टेबलाला सगळे – डॉक्टर, औषधवाली, घरं मिळवून देणाऱ्या खात्याचा, शेरीफचा एक माणूस – आणि मधोमध मी. मी का? – कारण मला माणसाला दटावता येतं. गाय आणि माणूस, दोघांना सारखंच लागतं ते, वेळेवर खाणं आणि एक ओळखीचा आवाज. हसू नका, खरं आहे.

आणि त्या यादीत पहिलं नाव कुणाचं, सांगा? – तुमच्या डेलबर्टचं. डेलबर्ट हेस्टी. एका वर्षात एकसष्ट वेळा. एकसष्ट. आठवड्याला एकापेक्षा जास्त झाले की हो. छातीत दुखतंय, श्वास लागतोय, पाय दुखतोय – आणि कोणता पाय, तर जो कापून टाकलाय तो. अ‍ॅम्ब्युलन्सवाले त्याला नावानं हाका मारायचे. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं, खरं सांग, तिथं काय मिळतं तुला? तर म्हणाला, टर्कीचं सँडविच मिळतं, गारवा असतो, आणि एक बाई येऊन हात धरते. नाडी बघायला धरते रे, म्हटलं. हो, पण धरते ना, म्हणाला. असा होता. लाज नावाची चीज नव्हती त्याला. एकशे सहा डिग्रीच्या उन्हात हे असलं चाकांवरचं पत्र्याचं घर, हा ट्रेलर, म्हणजे भट्टी – मग मी ती खिडकीतली थंड हवेची पेटी मिळवून दिली, चार कचेऱ्यांत भांडून. टर्की आणून दिली, पाव आणून दिला, म्हटलं आता इथंच खा मेल्या. आणि हात – हात नाही धरला, तेवढा वेळ कुणाला असतो – पण फोन घेतला. रोज सकाळी.

हो, हो, येते त्या कागदावर. तुम्ही काय घट्ट धरून बसलाय, मी काय पळवून नेणारे? बरं, त्यावर जे खोडलंय ते तुम्ही बघितलंय, मला दिसलं तुमचं तोंड. मग ऐका ते का खोडलंय. फ्रिजवर लावायचा असतो हा फॉर्म, त्यावर छापील असतं – त्रास झाला तर पहिलं नऊ-एक-एक, नाही तर नर्सच्या नंबरला. आता नर्सचा नंबर म्हणजे काय – कुठं तरी बसलेली पोरगी, तिच्यापुढं पडद्यावर प्रश्न, ‘छाती’ शब्द ऐकला की ती नोकरीच्या भीतीनं थेट अ‍ॅम्ब्युलन्स धाडते. की झालाच एक आकडा. आणि आमचं सगळं आकड्यावर चालतं बाई. माणूस किती वेळा इमर्जन्सीत गेला – एवढंच विचारतात वर. सुखी आहे का, जेवला का, हे त्या रकान्यात बसत नाही. म्हणून मी काळ्या पेननं दोन्ही नंबर खोडले आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं – आधी डार्लाला फोन. खाली माझी सही. हो, माझीच. अक्षर माझं चांगलं आहे, शाळेत बक्षीस होतं. आणि लिहिलं तेव्हा खरंच वाटत होतं मला, की दहापैकी नऊ वेळा त्याला डॉक्टर नकोच असतो, बोलायला कुणी तरी हवं असतं. आणि निघालं तसंच! दहा महिने. दहा महिन्यांत किती वेळा गेला तो इमर्जन्सीत? – शून्य. एकसष्टावरून शून्य. काउंटीत दुसऱ्या कुणाचं शून्य नाही. आमच्या वरच्या साहेबाला गुरुवारी टेबलावर रडू आलं होतं.

नाही, तसं नका बघू. तुम्हाला बोलायचा अधिकार आहे, मान्य, पण थोडा. किती वर्षं आला नव्हतात तुम्ही इथं? तो सांगायचा – अकरा. ख्रिसमसला कार्ड, वाढदिवसाला मोज्यांची जोडी. एक पाय असलेल्या माणसाला मोज्यांची जोडी! तो हसायचा, म्हणायचा नॅडीनच्या हिशेबानं मला दोन वर्षं पुरते. आणि फोनवर मात्र सल्ले – मीठ कमी खा, चालत जा, त्या डॉक्टरला सांग, ह्या डॉक्टरला सांग. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? आणि आता आलात वरातीमागून, डोळे सुजवून, तर म्हणे माझा भाऊ किती सज्जन. मेल्या म्हशीला मणभर दूध. मी डेअरीवाल्यांच्या घरची, मला विचारा. जिवंत असताना कुणी चारा घातला ते मोजायचं असतं. – बरं, बरं. चुकले. जीभ जरा सैल आहे माझी. काल रात्रभर झोप नाही झालेली. तो कागद ठेवा ना टेबलावर, हातातल्या घामानं भिजतोय.

तुम्ही विचाराल, की रोज फोन होता तर कळलं कसं नाही. विचाराच. सगळे विचारणारेत. हृदय असं गेलेल्या माणसाचं एकच बघायचं असतं – वजन. अंगात पाणी साठायला लागलं की वजन चढतं. रात्रीत तीन पौंड चढलं की ओरडायचं, जादा गोळी द्यायची, डॉक्टरला उठवायचं. म्हणून तो काटा, तिथं, सिंकखाली. रोज सकाळी सात वाजता हा ओट्याला धरून काट्यावर उभा राहायचा आणि मला फोन. ‘दोनशे बारा, मॅडम.’ मॅडम म्हणायचा मला, चेष्टेनं. दोनशे बारा, दोनशे बारा, दोनशे तेरा – महिनोन् महिने. मी वहीत लिहायचे, स्थिर. मग मागच्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी म्हणाला, दोनशे दहा. मी म्हटलं, वा रे पठ्ठ्या, मीठ सोडलंस वाटतं. खूश झाला. मग दोनशे अकरा. मग दोनशे बारा. मग दोनशे बाराच. आता तुम्हीच सांगा, दोनशे बारा म्हणजे ठीकच ना? दहा महिने दोनशे बाराला ठीक म्हटलं, त्या दिवशी का नाही म्हणायचं?

पाय. – पाय काढून उभा राहत होता तो काट्यावर. नकली पाय. कळलं? बूट धरून सहा पौंडांचा आहे तो. मांडी सुजली पाण्यानं, पाय चढेना, म्हणून काढून ठेवला कपाटामागं आणि कुबडीवर फिरायला लागला घरातल्या घरात, आणि मला बोलला नाही. मी विचारलं नाही. कशाला विचारेन? दहा महिने पाय घालूनच उभा राहत होता की. सहा पौंड पाय गेला आणि सहा पौंड पाणी आलं, आणि काटा म्हणतोय दोनशे बारा, आणि मी लिहितेय स्थिर. वा रे पठ्ठ्या म्हटलं ना मी, ते त्याच दिवशी. काल तो पाय बघितला मी. हल्ली बदाम पाडायला झाडं हलवतायत सगळीकडं, घराघरात धूळ – त्या बुटावर बोटानं नाव लिहावं एवढी धूळ होती. नऊ दिवसांची. डॉक्टरला कुणाला नाही सांगितलं हे अजून. तुम्हालाच पहिल्यांदा. का सांगितलं कोण जाणे.

मी लपवत काहीच नाहीये, लक्षात घ्या. रविवारचंही सांगते. रविवारी आमच्या पोर्तुगीज हॉलमध्ये फेस्ता होता, आमची जत्राच म्हणा. सप्टेंबरातला शेवटचा. मी रश्श्याच्या पातेल्यापाशी – पावाच्या तुकड्यांवर मांसाचा रस्सा ओतायचा, येईल त्याला द्यायचा, गाव असो परका असो, पैसे घ्यायचे नाहीत, आमच्यात ते पुण्याचं काम. माझी आई करायची, आता मी करते. सहाशे माणसं रांगेत. खिशात फोन थरथरला. बघितलं – डेलबर्ट. म्हटलं, सकाळी तर बोललाय, दोनशे बारा. एकटा पडला असेल, रविवार आहे. परत थरथरला. मी शेजारणीला म्हटलं, बघ, माझा नवरा मेला पण हा नवरा काही सोडत नाही. हसलो आम्ही. तिसऱ्यांदा – तिसऱ्यांदा मी फोन ॲप्रनमधून काढून पर्समध्ये टाकला, हात तेलकट होते. चौथा पर्समध्येच वाजला. म्हणजे चार. साडेचार ते सहाच्या दरम्यान चार. सहाशे लोकांना वाढलं मी त्या दिवशी, एकही उपाशी गेला नाही. – नको, रडू नका. तुम्ही रडलात की मला राग येतो. मी नाही रडले, तुम्ही कशाला रडताय?

परवाचाच दिवस हा. आज मंगळवार. आज दोन वाजता काउंटीच्या बोर्डापुढं बैठक आहे आमची. पाच माणसं बसतात उंचावर, त्यांनी हात वर केले तर योजना चालू, नाही तर बंद, बाकीची एकोणचाळीस माणसं परत होती तिथं. डेलबर्टला नेणार होते मी. त्याला पांढरा शर्ट घेतला होता, केस कापून आणले होते, आणि काय बोलायचं तेही पाठ करून घेतलं होतं – ‘माझं नाव डेलबर्ट हेस्टी, आणि मी दहा महिने घरीच आहे.’ एवढंच एक वाक्य. आरशापुढं म्हणून बघायचा. महिनाभर दुसरं काही बोलत नव्हता. शर्ट गाडीत आहे माझ्या, घडी मोडलेली नाही, त्याला घालायला लागेल तुम्हाला आता, देते. तो येणार नाही, पण आकडा तर येईल ना? साहेबाला विचारलं मी काल, आता काय करायचं, तर म्हणाला, आकडा खरा आहे, डार्ला, आकडा राहू दे. आणि खराच आहे. इमर्जन्सीत गेलाच नाही तो. शेवटपर्यंत नाही गेला. आता तुम्ही हा कागद घेऊन कुणा वकिलाकडं गेलात, पेपरवाल्याकडं गेलात, तर माझं जाईल ते जाईल – पण एकोणचाळीस माणसं, बाई. त्यातली कितीतरी माझ्याच फोनवर जगतात.

त्यांच्याही फ्रिजवर? – हो, आहे. सगळ्यांच्या नाही. माझ्या वाटच्या अकरा जणांच्या. काढीन की. आज बैठक झाली की काढीन.

हे बघा, मला काल सकाळीच हा कागद काढून नेता आला असता. सातचा फोन आला नाही, आठला मी केला, नवाला दारात होते. किल्ली आहे माझ्याकडं. तिथं, त्या खुर्चीत, टेकून बसलेला, पालथ्या हाताखाली फोन. मी आधी नाडी बघितली – हो, धरला हात, तेव्हा धरला – मग फोन बघितला, आणि मग शेरीफच्या माणसाला बोलावलं. त्याच क्रमानं. आणि तो बाबा आला तो ह्या फ्रिजलाच पाठ टेकून उभा, एवढा आडवा माणूस, तासभर, चौकशी लिहीत, पाठीखाली कागद. तो निघेपर्यंत मयताची गाडी आली, मग तुम्हाला फोन, आणि राहून गेलं. तेवढं राहून गेलं बघा. नाही तर तुम्हाला कळलंही नसतं.

नाही द्यायचा? बरं. मग मीही जे बोलणार नव्हते ते बोलते. डेलबर्टच्या फोनमध्ये मी काय बघितलं ते सांगते. चार फोन मला. आणि पाचवा? पाचवा कुणाला होता, नॅडीन? – आता का खाली बघतेस? रविवारी रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी, ओरेगनच्या नंबरला, दोन मिनिटं. दोन मिनिटं यंत्रापुढं बोलला असेल बिचारा, निरोप ठेवला असेल. मी सहाशे लोकांना वाढत होते, तू काय करत होतीस? टीव्ही बघत होतीस? मी पाच मैलांवर होते आणि नाही गेले, मान्य, चार वेळा मान्य, पण मी त्याची कुणी नव्हते. मला महिन्याच्या महिन्याला त्याच्यासाठी पगार मिळायचा. तुला तर फुकटात भाऊ मिळाला होता. तेव्हा तो कागद मिरवायचा असेल ना, तर त्याच्या मागच्या बाजूला तुझाही नंबर लिही, आणि मग मिरव. तुझ्या हातानं लिही. पेन देऊ?

काय?

मोठ्यानं बोल, पुटपुटू नकोस. – उचलला होतास? तू स्वतः उचललास? यंत्र नव्हतं?

मग – मग तू म्हणाली नाहीस त्याला, नऊ-एक-एक लाव म्हणून? म्हणालीस. बरं. मग का नाही लावला त्यानं? श्वास लागलेला कळत नव्हता तुला? कळत होता. मग काय म्हणाला तो? नाही, मला नको तुझ्या शब्दांत, तो काय म्हणाला ते सांग. तो जसं म्हणाला तसं.

...

मंगळवारपर्यंत कसंबसं काढतो म्हणाला?

मंगळवारी डार्लाची बैठक आहे. तिचं शून्य मोडायचं नाही. बुधवारी जाईन मग. – असं म्हणाला. बुधवारी जाईन. आणि हसला. आणि तू म्हणालीस बरं.

नाही, परत नका सांगू. ऐकलं मी एकदा. माझ्यासाठी – नाही, म्हणजे, मी त्याला कधी असं म्हटलं नव्हतं, की माझ्यासाठी. मी चेष्टेत म्हणायचे, माझं शून्य सांभाळ रे बाबा. चेष्टेत. माणसाला कळायला नको चेष्टा? रागावले नव्हते हो मी त्याच्यावर. त्याला वाटलं असेल फोन घेत नाही म्हणजे रागावली. आणि तरी माझं शून्य सांभाळत बसला.

किती वाजले? बारा वीस. चाळीस मिनिटं लागतात तिथं पोचायला, आणि गाडी लावायला जागा नसते.

उठा. उठा नॅडीनबाई, मला दार बंद करायचंय, थंड हवेची पेटी चालू राहिली की वीज जाते फुकट. खुर्ची न्यायची तर संध्याकाळी येऊन न्या. कागद? ठेवा तुमच्याकडं. वकिलाला दाखवा, पेपरात छापा, तुमचा आहे तो.

बोर्डाला काय सांगणार? – शून्यच सांगणार, दुसरं काय सांगू? स्वतःच्या जिवाची किंमत देऊन आणलंय त्यानं ते, आणि मी आज तिथं उभी राहून ते मोडू? सरका. दार अडवू नका.